कान, काटा आणि आमचे साडू

मराठी मध्यमवर्गीय माणूस एरवी पुराव्यावर चालणारा. दूधवाल्याच्या मापाकडे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो, रिक्षात बसला की रस्त्यापेक्षा मीटरकडे त्याचं लक्ष अधिक, आणि मंगल कार्यालयवाल्याने जास्तीची बारा पानं कुठून लावली ह्याचा जाब तो नवरी माहेरपणाला परत आली तरी विचारत असतो. पण काही बाबतींत मात्र तो पुराव्याला उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवू देत नाही. आपला हापूसवाला, आपला होमिओपॅथ, आपल्या आईच्या हातची आमटी. ह्या गोष्टी सिद्ध करायच्या नसतात, मानायच्या असतात. आमच्या नात्यात ह्या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. आमच्या साडूंचा ॲम्प्लिफायर.

साडू बँकेतून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे आकडे तपासले. एका पैशाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत कारकुनांना बसवून ठेवणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी आकड्यांशी काडीमोड घेतला आणि ग्रॅच्युइटीचा एक जाडसा तुकडा गाणं ऐकण्याच्या यंत्रात घातला. छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, जात्यासारख्या जड चकतीचं टर्नटेबल, आणि मधोमध, मखरात बसवल्यासारखा, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. संध्याकाळी दिवे मालवून तो सुरू केला की त्यातल्या काचेच्या नळ्या निरांजनासारख्या मंद पेटतात. हात आपोआप जोडले जातात. वॅट विचाराल तर आठ. आमच्या मिक्सरला पाचशे लागतात.

आणि केबल! ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी, अजगराच्या पिल्लाएवढी जाड, आणि जमिनीचा स्पर्श होऊ नये म्हणून सोवळ्यातल्यासारखी लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. ताईंनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीने, त्या केबलची किंमत एकदाच विचारली. त्यानंतर त्यांनी भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणं सोडून दिलं. म्हणाल्या, 'आता काय अर्थ आहे त्याला?'

हॉलमध्ये ऐकण्याची खुर्ची एकच. ती दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, फरशीवर खडूने केलेल्या खुणांमध्ये. आपण गेलो की साडू आपल्याला तिच्यात बसवतात, मान दोन बोटं डावीकडे करतात आणि स्वतः मागे उभे राहतात. दाढेच्या डॉक्टरकडे गेल्यावर जे वाटतं तेच वाटतं. बायकोबरोबर गेलात तर एकाने ऐकायचं, दुसऱ्याने स्वयंपाकघरात ताईंना वाटाणे सोलू लागायचे. मग अदलाबदल. गाणं ही सगळ्यांनी मिळून ऐकायची गोष्ट आहे असं मला अजून वाटतं, पण ते बोलायची सोय नाही.

गाणं संपलं की परीक्षा सुरू. 'काय वाटलं?' आपण म्हणावं, 'छान गायल्या.' साडूंचा चेहरा पडतो. गाण्याबद्दल कोण विचारतंय! 'नाही हो, मिडरेंज कसा वाटला? ओलसर आहे की नाही? आणि वरचे स्वर बघा कसे हवेशीर आहेत.' ओलसर आणि हवेशीर हे शब्द मी आजवर फक्त ब्लॉक भाड्याने घेताना ऐकले होते, आणि ते दोन्ही गुण एकाच ब्लॉकमध्ये असतात असं कुणा दलालानेही मला सांगितलेलं नाही. ही भाषा साडूंची नव्हे. ती इंग्रजी हाय-फाय मासिकांची. त्यांतली परीक्षणं मी वाचली आहेत, आणि आपल्याकडच्या कवितेच्या समीक्षेवर पोसलेला असल्यामुळे मला ती फारशी जड गेली नाहीत. तिथे जसा आशय घन असतो आणि प्रतिमा पारदर्शी, तसा इथे बास घट्ट असतो आणि शांतता काळीभोर. फरक एवढाच की कवितासंग्रह फसला तर शंभर-दोनशे रुपयांचं नुकसान.

हे सगळं आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण ताईंचा एक तानपुरा आहे. मिरजेचा. ताई विशारद झाल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी स्वतः मिरजेला जाऊन, तीन दिवस तिथे राहून, तो करवून आणला होता. चाळीस वर्षं तो हॉलच्या कोपऱ्यात उभा असे, आणि दुपारची झाकपाक झाली की ताई त्याच्याजवळ बसत. स्पीकर आले आणि साडूंच्या लक्षात आलं की गाणं सुरू झालं, आपल्या पट्टीशी जुळणारा स्वर लागला, की तानपुरा कुणी न छेडता आपणहून गुणगुणायला लागतो. वाद्य चांगलं असलं की ते तसं करायचंच. पण साडूंच्या मते त्यामुळे 'चित्र गढूळ होतं'. तानपुरा गवसणीत घालून आतल्या खोलीत कपाटावर आडवा टाकण्यात आला. ताई काही बोलल्या नाहीत. ही मात्र घरी आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. साडूंवरचा राग साडूंच्या साडूवर काढायचा, हा बहुधा त्या नात्याचाच उपयोग असावा.

आता दुसरी बाजू. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर आहे. तो कुठेही गेला तरी त्याच्या पिशवीत एक मायक्रोफोन, एक मीटर आणि एक लॅपटॉप असतो. त्याची श्रद्धा काट्यावर. काटा हलला तर फरक आहे, नाही हलला तर नाही. साडूंची खोली त्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाला, 'काका, ह्याच्या डिस्टॉर्शनचा आकडा काय आहे?' एखाद्याने नव्या सुनेचा वैद्यकीय दाखला मागावा तसं साडूंनी त्याच्याकडे पाहिलं.

तेव्हापासून हे भांडण चालू आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी साक्षीला बसवलेला मीच आहे, म्हणून माझं मत सांगतो.

हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे इमान. सगळा घोळ इथेच आहे, कारण इमान कुणाशी ते ह्या नावात सांगितलेलं नाही. भाचा म्हणतो, तबकडीशी. तिच्यात जे कोरलंय ते, त्यात काडीची भर न घालता, बाहेर यावं. साडू न सांगता असं धरून चालतात की यंत्राचं इमान मालकाशी असावं. मालकाला गोड लागेल ते त्याने वाढावं. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी ठीक आहेत. भांडण होतं ते साडू मालकाशी असलेल्या इमानालाच तबकडीशी असलेलं इमान म्हणून पुढे करतात तेव्हा.

पण आधी काट्यावाल्यांची पापं सांगू दे, म्हणजे मी माहेरच्या बाजूने बोलतो असं कुणी म्हणायला नको. आमच्या पिढीने आकड्यांचा जेवढा छळ सोसलाय तेवढा क्वचितच कुणी सोसला असेल. आखाताहून कुणाचा तरी मेहुणा टू-इन-वन घेऊन यायचा ते दिवस आठवा. पुढे त्या यंत्रांवर 'पीएमपीओ' नावाचं एक प्रकरण छापून यायला लागलं. हजार वॅट पीएमपीओ, दोन हजार वॅट पीएमपीओ! भिंतीतल्या प्लगमधून ते यंत्र साठ-सत्तर वॅट ओढणार आणि बाहेर दोन हजार काढणार. अशी कामधेनू जगात असती तर वीज मंडळ कधीच बंद पडलं असतं. ह्या पीएमपीओला कसलंच ठरलेलं प्रमाण नव्हतं. ज्याला जो आकडा परवडेल तो त्याने छापावा.

आणि जे आकडे खरे होते तेही नेहमी कामाचे नव्हते. ह्यासाठी थोडं गाण्यात शिरावं लागेल. षड्ज लावला तर निर्दोष ॲम्प्लिफायरने फक्त तो षड्ज मोठा करून द्यावा. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्र त्यात थोडे आगंतुक मिसळतं. हे आगंतुक मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे असतात. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला षड्जच. तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट म्हणजे गांधार. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो हाच. म्हणजे इथपर्यंतचे पाहुणे घरचेच, गोत्रातले. सातवा मात्र आपल्या कोमल निषादाच्याही खाली घसरलेला, आणि त्याहून वरचे काही तर कुठल्याच घरात न बसणारे. साडूंच्या व्हॉल्व्हच्या जातीचे ॲम्प्लिफायर दोन-दोन टक्के भेसळ करतात, पण ती बहुतेक पहिल्या पाहुण्याची. सा मध्ये वरचा सा मिसळला तर कुणाला कळतंय? कळलं तर उलट भरदार वाटतं. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांची भेसळ आकड्याने कितीतरी कमी, पण जातीने वाईट होती. त्यांत स्वराचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळायचा आणि खालचा दुसरा. आणि गिरणीत पाळी बदलताना फाटकाशी जो गोंधळ व्हायचा तसला त्या सांध्यावर व्हायचा. त्यातून निघायचे ते वरचे, बेगोत्री स्वर. शिवाय जाहिरातीतला आकडा असायचा यंत्र पूर्ण जोरात चालू असतानाचा. पहाटे घरात लोक झोपलेले असताना हळू आवाजात भैरव लावला की सांध्यावरचा गोंधळ स्वराच्या मानाने मोठा होऊन पुढे यायचा. कान म्हणायचा, काहीतरी टोचतंय. काटा म्हणायचा, छे, मला काही दिसत नाही. अशा वेळी खरं बोलत होता तो कान. काट्यालाच नीट बघायला शिकवावं लागलं.

म्हणून कानाची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. पण कानाचीही एक खोड आहे. तो एकटा कधी ऐकत नाही.

एडिसनला हे फार लवकर उमगलं होतं. १९१५ सालापासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव 'टोन टेस्ट' नावाचे जलसे केले. रंगमंचावर ग्रामोफोन आणि शेजारी खरी गायिका उभी. मध्येच दिवे मालवायचे, आणि आता यंत्र गातंय की बाई, हे लोकांनी ओळखायचं. लोकांना ओळखता येत नसे! आज त्या तबकड्या ऐकल्या तर पत्र्याच्या डब्यातून कुणी गात असावं असं वाटतं. ॲना केस नावाची गायिका ह्या जलशांत गात असे. पुढे म्हातारपणी तिने सांगून टाकलं की ती आपलाच आवाज यंत्रासारखा लावायची. यंत्राने माणसाची नक्कल करावी म्हणून सगळा खटाटोप, आणि प्रत्यक्षात माणूसच यंत्राची नक्कल करत होता. ग्राहकाचं समाधान असंच होत असतं.

ह्याच्या उलट्या टोकाचा माणूस म्हणजे फ्लॉइड टूल. कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत बसून ह्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. पुढे ते अमेरिकेत हार्मन कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह ह्यांनी एक साधा प्रयोग मांडला. चार स्पीकर. त्यांत दोन मोठे, देखणे, महागडे, आणि एक स्वस्तातला छोटा प्लॅस्टिकचा संच. कंपनीतल्याच चाळीस माणसांनी ते एकदा बघत ऐकायचे, एकदा पडद्याआडून, आणि गुण द्यायचे. दिसत होते तेव्हा मोठ्या देखण्यांचे गुण वर चढले आणि बिचाऱ्या छोट्याचे खाली आले. पडदा पडला आणि तो छोटा चांगलाच वर सरकला. मुलगी बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना ह्यात नवल वाटू नये. गाणं म्हणायला लावतात, पण ऐकतं कोण?

मला त्यातली खरी गंमत पुढेच वाटते. पडद्याआडून ऐकणाऱ्या माणसांच्या आवडी एकमेकींशी चांगल्याच जुळतात. २००४ मध्ये ऑलिव्हने सत्तर स्पीकरांची मापं घेतली, आणि नुसत्या मापांवरून कुठला स्पीकर लोकांना किती आवडेल हे वर्तवलं. त्याचं भाकीत आणि लोकांची पसंती ह्यांचा मेळ ०.८६ इतका बसला. एक म्हणजे तंतोतंत. इतकी तर आमच्या पत्रिकाही जुळल्या नव्हत्या. म्हणजे डोळे झाकलेला कान आणि नीट लावलेला काटा ह्यांचं भांडण फारसं नाहीच. भांडण आहे ते कान आणि डोळा ह्यांचं, आणि डोळ्याच्या मागे पाकीट उभं असतं.

साडू ज्या मासिकांची भाषा बोलतात त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे अमेरिकेतलं 'स्टीरिओफाइल'. जे. गॉर्डन होल्ट ह्यांनी ते १९६२ मध्ये काढलं, ते यंत्र नुसतं मोजू नका, ऐका, ह्या एका हट्टापायी. तो हट्ट योग्यच होता. पण ह्याच होल्टसाहेबांनी म्हातारपणी, २००७ मध्ये, स्पष्ट सांगितलं की पडद्याआडच्या परीक्षेला ह्या मंडळींनी नकार दिला तेव्हाच ह्या धंद्याची पत गेली. पंथ काढणाऱ्यानेच असं म्हणावं, आणि पंथाने ते ऐकून घ्यावं आणि नवी केबल विकत घ्यावी.

मी साडूंना हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं, 'स्पीकरचं ठीक आहे हो. पण तबकडी ती तबकडी. डिजिटल माझ्या कानाला लगेच कळतं. दात शिवशिवल्यासारखं होतं.'

मग मी त्यांना मोबाइल फिडेलिटीची गोष्ट सांगितली. जुन्या गाजलेल्या रेकॉर्डी मूळ टेपवरून पुन्हा काढणारी ही अमेरिकन कंपनी. तिच्या काही तबकड्या सव्वाशे डॉलरला एक. डिजिटलचा वाराही न लागलेला आवाज कसा असतो हे दाखवायला जगभरचे शौकीन ह्याच तबकड्या काढत आणि डोळे मिटत. २०२२ च्या जुलैत बाहेर आलं की गेली दहाएक वर्षं त्यांतल्या बऱ्याच तबकड्या काढताना मध्ये एक डिजिटल प्रत केली जात होती. कुणाचाही दात शिवशिवला नव्हता. शौकिनांनी कपाळाला हात लावले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि भाच्याच्या गोटात पेढे वाटले गेले.

मला मात्र पेढे वाटणाऱ्यांचंही सगळं पटत नाही. त्या तबकड्या जुलैच्या आधी जितक्या सुरेख वाजत होत्या तितक्याच जुलैनंतरही वाजत राहिल्या. त्या चांगल्या आहेत असं कान सांगत होता, ते खरंच होतं. खोटं ठरलं ते 'त्या का चांगल्या आहेत' हे सांगणारं डोकं. आपल्या सगळ्या आवडीनिवडींचं हेच आहे. आवड खरी असते, तिचं आपण दिलेलं कारण बहुतेक वेळा नंतर शिवून घेतलेलं असतं.

शेवटी एका रविवारी परीक्षा घ्यायचं ठरलं. ठरवलं ताईंनी. त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, 'एकदा होऊन जाऊ दे. पण पैज. केबल ओळखता आली नाही, तर बाबांचा तानपुरा हॉलमध्ये येईल.' ही एकदम उठून बसली. साडू म्हणाले, 'आणि ॲम्प्लिफायर ओळखला तर ह्या पोराने त्याला भेसळ म्हणणं बंद करायचं.' भाचा हसला. त्याच्या मते ह्यातलं काहीच कुणाला ओळखता येणार नव्हतं.

भाच्याने आधी दोन्ही आवाज मीटरने मोजून अगदी सारखे केले. ह्यावर तो फार कडक होता, आणि ते बरोबरच आहे. दोन आवाजांत एक किंचित मोठा असला तर आपल्याला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मुरलेले दुकानदार महागडा स्पीकर केसभर मोठा का लावतात ते त्या दिवशी मला कळलं. मग स्पीकर सोडून बाकी सगळ्यासमोर ताईंची एक जुनी चादर बांधली. चादरीमागे स्वतः ताई; नाणं उडवायचं आणि छाप की काटा त्याप्रमाणे जोडणी करायची. खोकायचं नाही. प्रत्येक फेरीत सोळा वेळा. नुसतं अंदाजपंचे ठोकत गेलं तर सोळांत बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी, म्हणून बारा ही पासाची रेघ.

पहिली फेरी केबलची. एकीकडे अजगर, दुसरीकडे कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून आणलेली साधी दोन पदरी वायर. किशोरीताईंच्या भूपातला दीड मिनिटाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा. बाराव्या खेपेला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन विचारून गेले, 'पिन अडकली आहे का?' साडूंचे सोळांत सात बरोबर आले. नाणं हातात घेऊन डोळे मिटून बसले असते तर आठ आले असते.

दुसरी फेरी ॲम्प्लिफायरची. निरांजनवाला एका बाजूला, भाच्याचा पानाच्या डब्याएवढा ट्रान्झिस्टरवाला दुसऱ्या बाजूला. साडूंनी ह्या वेळी घाई केली नाही. दर वेळी मान जरा खाली घालून ऐकलं, बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरला, आणि शांतपणे 'आपला' किंवा 'त्याचा' एवढंच म्हणाले. सोळांत पंधरा! आणि जास्त आवडला कुठला असं विचारलं तर जवळजवळ दर वेळी 'आपला'.

भाचा गप्प झाला. त्याने लॅपटॉप काढून निरांजनवाला मोजला. वरच्या सप्तकातल्या षड्जाची दोन टक्के भर. शिवाय स्पीकर ज्या ज्या स्वराला जसा अडेल तसा हा ॲम्प्लिफायर वाकत होता. त्यामुळे मधले स्वर किंचित वर उचललेले. म्हणजे ओलसर मिडरेंज होता म्हणायचा! भाच्याने लगेच सांगितलं की हा सगळा ओलावा मुद्दाम घालता येतो. बॉब कार्व्हर ह्या अमेरिकन गृहस्थाने १९८५ मध्ये आपल्या स्वस्त ॲम्प्लिफायरात फेरफार करत करत त्याला एका महागड्या ॲम्प्लिफायरसारखं बोलायला लावलं, आणि तेही हॉटेलच्या खोलीत बसून, दोन दिवसांत. आम्ही सहज ओळखू म्हणणाऱ्या 'स्टीरिओफाइल'च्याच परीक्षकांनी त्यापुढे हात टेकले. 'म्हणजे काका, तुम्हाला आवडते ती भेसळच आहे.'

'असेल,' साडू म्हणाले. 'पण ओळखली की नाही?'

मला वाटतं ह्या वादात एवढं शहाणं वाक्य दोन्ही बाजूंनी आजवर कुणी बोललं नव्हतं. भेसळ आवडणं हा काही गुन्हा नाही. आपण दुधात हळद घालून पितोच. फक्त प्यायल्यावर 'शुद्ध दूध ते हेच' असं म्हणू नये. साडूंनी व्हॉल्व्ह ठेवावा, खुशाल ठेवावा, मीही जाऊन ऐकेन. केबलचं मात्र काही खरं नाही. ती तशी आवडही नव्हती. ती नुसती किंमत होती. दुकानदाराने ती परत घेतली नाही हे सांगायला नकोच.

त्याच दुपारी भाच्याने फोनवर शिट्टीसारखा स्वर काढून सगळ्यांचे कान तपासले. स्वर वर वर जायला लागला. आठ हजार कंपनांना मी गळालो. साडे नऊ हजारांना साडू. ताई थोड्या पुढे. पंधरा हजारांना भाचाही थांबला. आम्ही सगळे अत्यंत शांततेत एकमेकांकडे पाहत बसलो होतो, आणि साडूंची आठ वर्षांची नात कानांवर हात ठेवून ओरडत होती, 'आजोबा, बंद करा ना! केवढं कर्कश!' साडूंच्या स्पीकरच्या माहितीपत्रकात चाळीस हजार कंपनांपर्यंतची हमी आहे. त्याचा फायदा त्या इमारतीत फक्त वटवाघळांना. साडूंनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. आयुष्यभर हौस मारून ठेवायची, आणि परवडायला लागेपर्यंत कानाचा वरचा मजला रिकामा झालेला असतो.

तरी ते रडण्यासारखं नाही. मिरजेचेच अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत फार वरची कंपनं उतरलेलीच नाहीत. त्यातही खरखर. माझ्या सासऱ्यांनी ते गाणं ऐकलं ते दुसऱ्याच्या ग्रामोफोनवर, आणि उरलेलं आयुष्य त्या गाण्यावर काढलं. तानपुरा करवून घ्यायला ते मिरजेलाच का गेले ते मी कधी विचारलं नाही.

तर तानपुरा पैजेप्रमाणे खाली उतरला. साडूंनी स्वतः उतरवला, गवसणी झटकली आणि स्पीकरच्या शेजारच्या कोपऱ्यात उभा केला. ताईंनी तारा जुळवल्या, घोडीवर तारेखालचा दोरा मागेपुढे सारून जवारी नीट करून घेतली. तेवढ्या वेळात भाच्याने मायक्रोफोन लावलाच होता. पडद्यावर डोंगरांची रांग उभी राहिली. 'मामा, हे बघा काय!' तो म्हणाला. 'ह्यात मूळ स्वर सगळ्यांत लहान आहे. वरचेच सगळे मोठे. हा ॲम्प्लिफायर असता तर मी कचऱ्यात टाकला असता.'

'तो ॲम्प्लिफायर नाही,' ताई म्हणाल्या. 'आणि जरा सरक, खर्ज उतरलाय.'

ह्याला आता सहा महिने झाले. तानपुरा हॉलमध्येच आहे, आणि ठोकळ्यांवर अजगरही आहे. गाणं लागलं की तानपुरा पूर्वीसारखाच आपणहून गुणगुणतो. गेल्या आठवड्यात साडूंकडे त्यांचे बँकेतले एक जुने सहकारी आले होते. साडूंनी त्यांना खुर्चीत बसवलं, मान दोन बोटं डावीकडे केली आणि हलक्या आवाजात सांगितलं, की मिरजेचा तानपुरा उजव्या स्पीकरपासून बरोबर दीड हातावर उभा केला तर चित्र चांगलं दोन फुटांनी रुंदावतं. सहकाऱ्यांनी मिरजेचा पत्ता लिहून घेतला आहे.